मेळाचा आकडा

आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा त्रिशलाचे दोन्ही हात मिरचीच्या पुडीनं लाल झालेले होते. म्हणून तिनं फोन कोपरानं सरकवून जवळ घेतला आणि वाकून बघितलं. पडद्यावर आईचा फोटो होता. त्याखाली दोन लहान फोटो, एक तिचा आणि एक धाकट्या बहिणीचा, चंदनाचा. चंदनाच्या फोटोखाली चौऱ्याहत्तर असं लिहिलेलं होतं. त्रिशलाच्या फोटोखाली एकेचाळीस.

“अहो, हे काय नवीन आलंय?” तिनं नवऱ्याला हाक मारली.

बाहुबली आवटी गिऱ्हाइकाची मिरची तोलत होता. मिरची कांडायचं यंत्र, ज्याला कोल्हापुरात सगळे डंक म्हणतात, मागे धडधडत होतं. त्यामुळे तिला दोनदा ओरडावं लागलं. त्यानं हात झटकले, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ धरला.

“मेळ,” तो म्हणाला. “म्हणजे आईंचं कुणाशी किती जुळतं ते. परवा ‘सोबत’चं अपडेट आलं ना, त्यातलं दिसतंय.”

“शंभरापैकी आहेत का हे?”

“शंभरापैकीच असणार.” मग बायकोचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, “अगं, हवामानासारखं असतंय ते. आज एक, उद्या दुसरं.”

“म्हणजे मी काठावर पास,” त्रिशला म्हणाली, “आणि चंदी पहिल्या वर्गात.”

ती हसली. बाहुबलीही हसला. पण संध्याकाळपर्यंत तिनं तो फोन आठ-दहा वेळा तरी उघडून बघितला.

त्रिशलाची आई, राजमती बिरनाळे, सहा वर्षांपासून लेकीकडे राहत होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, डोकं मात्र लख्ख. त्रिशला तिला अंघोळ घालायची, केस विंचरायची, नखं काढायची. पाणी गाळून उकळून ठेवायची. आणि सूर्य मावळायच्या आत आईच्या पुढ्यात गरम ताट ठेवायची, कारण राजमतीबाईंनी लहानपणापासून दिवेलागणीनंतर कधी तोंडात घास घातला नव्हता. थंडीत दिवस लहान असतो. चार वाजले की त्रिशला डंक नवऱ्यावर सोडून घरी पळायची ती थेट चुलीपुढेच.

चंदना सांगलीत एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. ती महिन्यातून एकदा शनिवारी यायची, आईच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि रविवारी परत जायची. तिला मिळाले चौऱ्याहत्तर.

आता हे ‘सोबत’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. छताला लावलेली ताटलीएवढी पांढरी चकती. ती दिव्यासारखी दिसते, पण उजेडाऐवजी अगदी मंद रेडिओलहरी खाली सोडते. तुम्ही कधी शांत विहिरीत खडा टाकून बघितलाय का? लाटा गोल गोल पसरतात. पाण्यात एखादी घागर तरंगत असेल तर तिला आपटून मागे फिरतात. घागर जराशी हलली, तरी परतणाऱ्या लाटेचा ताल बदलतो. काठावर बसून, घागरीकडे न बघता, नुसत्या लाटा बघून हुशार माणूस सांगू शकेल की घागर हलली. ती चकतीही तेच करते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती वरखाली होते. हृदयाचा ठोका पडला की छातीची कातडी केसाच्या जाडीएवढी थरथरते. परत आलेल्या लहरींत ती थरथर उमटते, आणि यंत्र ती वाचतं. अंगाला तार नको, पट्टा नको. म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं, श्वास अडखळला, ठोका चुकला, तर घरच्यांच्या फोनवर लगेच घंटी. अशा चकत्या त्या वर्षांत घरोघर लागल्या होत्या आणि त्यांनी खरोखर कितीतरी जीव वाचवले होते.

पुढचं पाऊल मात्र वेगळं होतं. दोन लंबकाची घड्याळं एकाच फळीवर टांगली तर काही वेळानं ती एकमेकांच्या तालात हलू लागतात. माणसांचंही थोडंफार तसंच असतं. आई आणि तान्हं मूल, जुने मित्र, एकत्र गाणारी माणसं शेजारी बसली की त्यांचे श्वास आणि ठोके हळूहळू एका चालीवर येतात. हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. ‘सोबत’ बनवणाऱ्या कंपनीनं एवढंच केलं, की ही चाल किती जुळली ते मोजलं, त्याला मेळ असं गोड नाव दिलं आणि फोटोखाली आकडा छापला. लोकांना आवडेल, असं त्यांना वाटलं. लोकांना ते फारच आवडलं. त्या वर्षी किती सुना आणि किती सासवा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

त्रिशलानं आधी आकडा वाढवायचा प्रयत्न केला. एका दुपारी ती मुद्दाम लवकर घरी आली, आईच्या पलंगावर बसली आणि तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या हातात फोन होता.

“काय गं, नाडी बघतीयस का?” राजमतीबाई म्हणाल्या.

“नाही. नुसतीच बसले.”

“तू? नुसती?” आईनं तिच्याकडे वळून बघितलं. “बरं वाटत नाही का तुला?”

फोनवरचे एकेचाळीसचे एकोणचाळीस झाले. त्रिशलानं हात अधिक घट्ट धरला.

“दुखतंय की,” आई म्हणाली. “सोड. काय पाहिजे ते सरळ सांग.”

अडतीस.

त्यानंतरच्या शनिवारी चंदना आली, तेव्हा गर्दीमुळे त्रिशला चार वाजून गेले तरी डंकावरच अडकली होती. मिरचीच्या पोत्यावर फोन उभा करून ती बघत राहिली. साडेपाचच्या सुमाराला आकडा चढू लागला. सत्तर, बहात्तर, शहात्तर. गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, बारीक पाहिजे म्हटलं होतं.” त्रिशलाला ऐकूच आलं नाही. तिला दिसत होती ती आपली धाकटी बहीण, स्वच्छ हातांची, स्वच्छ साडीतली, जिनं आजवर आईचं एकही लुगडं पिळलेलं नव्हतं.

माणूस जळायला लागला की आधी बारीकसारीक गोष्टींत दिसतं. चंदना आली की “आईला आत्ताच डोळा लागलाय” असं होऊ लागलं. चंदनाला आल्याआल्या बाजारात धाडायला काहीतरी निघू लागलं. चंदनानं आणलेली शाल आईला टोचते, हे त्रिशलानं आईला न विचारताच ठरवून टाकलं.

“अक्का, माझं काही चुकलंय का?” एकदा चंदनानं दारातच चपला घालता घालता विचारलं.

“तुझं कसं चुकेल? तू गुणाची.”

“टोमणे नको मारूस. काय ते बोल.”

“बोलायचं काय? तुझं काम बोलतंय की. बसल्या जागी.”

चंदनाला अर्थ लागला नाही. आईला त्यातला जळफळाट मात्र कळला. राजमतीबाईंनी आतून हाक मारली, “त्रिशे, इकडं ये. तुम्ही दोघीही या.”

मग सगळं बाहेर आलं. त्रिशलानं फोनच आईपुढे धरला. “हे बघ! तिचे शहात्तर, माझे अडतीस! सहा वर्षं मी तुझं करतीय, आणि तुझ्या काळजात कोण आहे ते हे यंत्र सांगतंय!”

राजमतीबाईंनी चकतीबद्दल विचारलं. चंदनानं समजावून सांगितलं, तसं त्यांनी मान वर करून छताकडे बराच वेळ बघितलं. त्यांना आजवर वाटत होतं, ती पडल्यावर वाजणारी घंटी आहे.

“म्हणजे मी देवाचं नाव घेताना, झोपेत, तुझ्या बापाची आठवण येऊन रडताना, हे माझी छाती वाचत असतंय? आणि तू तिकडं मिरची कांडत ते बघत असतीस?”

“तुझ्या काळजीपोटीच लावलंय ते!”

“काळजीपोटी घंटी लावलीस ते बरं केलंस. हे आकडे कशापोटी बघतीस?”

त्रिशलानं फोन पदराआड केला.

“बंद कर ते,” आई म्हणाली.

“नाही करणार. उद्या तुला काही झालं तर लोक मलाच धरतील.”

दोन दिवसांनी चंदना रजा काढून परत आली. ज्याच्या शरीराची नोंद, तिची मालकी त्याचीच, असा कायदा तोवर झालेला होता. राजमतीबाईंनी स्वतःचा अंगठा लावून आपली सगळी नोंद मोहोरबंद करून घेतली. त्रिशलाच्या फोनवरून आईचा फोटो, दोन्ही लहान फोटो आणि दोन्ही आकडे एका क्षणात नाहीसे झाले. ती डंकावरून धावत घरी आली तेव्हा आई दारात गाडीत बसलेली होती, मांडीवर एक पिशवी.

“चार दिवस सांगलीला जाते,” राजमतीबाई म्हणाल्या. “तुझंही डोकं थंड होऊ दे.”

चंदना गाडीचं दार लावत होती. तिनं वर बघितलं नाही. त्रिशलाला वाटलं, ही आत हसत असणार.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. आई फोनवर बोलायची, जेवलीस का विचारायची, पण परत येण्याचा विषय निघाला की म्हणायची, “बघू.” शेवटी त्रिशला वकिलांकडे गेली.

वकील रणनवरे अनुभवी होते. ते म्हणाले, “आई कुणाला जास्त मानते यावर कोर्टात अर्ज देता येत नाही, आवटीबाई. पण वृद्ध आईला फूस लावून नेलंय, तिच्या मनावर दडपण आहे, तिचं हित कुठं आहे ते ठरवा, असा अर्ज देता येतो. आणि त्यासाठी ‘सोबत’ची नोंद उघडून मागता येते.”

“त्यात मेळ पण येईल?”

“सगळंच येईल.”

बाहुबलीनं घरी येताना गाडी रंकाळ्याकाठी थांबवली. “आईला कोर्टात खेचणार तू?”

“आईला नाही. चंदीला.”

“आणि आकडा परत अडतीसच आला तर?”

“वर्षभराचा येणार नाही,” ती म्हणाली. “वर्षभराची नोंद कुणी बघितलीय? मी तिला न्हाऊ घालायची तेव्हाचा, ती आजारी होती तेव्हाचा. तेव्हा चंदी नव्हती. तेव्हा मी होते.”

बाहुबलीनं गाडी पुन्हा सुरू केली. बायकोला नेमकं काय हवंय ते त्याला तेव्हा कळलं, आणि ते तिला कुठलंही कोर्ट देऊ शकणार नाही, हेही कळलं.

पण खालच्या कोर्टानं दिलं. मुलीनं सहा वर्षं सांभाळ केलाय, आईचं वय झालंय, तिचं हित ठरवायला तिच्या शरीराची नोंद उपयोगी पडेल, म्हणून गेल्या वर्षभराची नोंद मेळासकट उघडावी, असा हुकूम झाला. त्रिशलानं डंकावर सगळ्यांना पेढे वाटले. हुकूम अमलात यायच्या आधी राजमतीबाई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठात गेल्या. नसीम जमादार नावाची तरुण वकील त्यांच्या बाजूनं उभी राहिली, आणि कागदावर पहिल्यांदाच असं लिहिलं गेलं: राजमती बिरनाळे विरुद्ध त्रिशला आवटी.

सुनावणीच्या दिवशी त्रिशलानं आईला चार महिन्यांनी बघितलं. चाकाच्या खुर्चीत, अंगावर ती टोचणारी शाल. टोचत नव्हती, हे उघडच होतं. खुर्ची चंदना ढकलत होती. आईचे केस चंदनानं चुकीच्या बाजूला विंचरले होते. त्रिशलाचे हात शिवशिवले.

न्यायमूर्ती सुमेधा हळबे यांनी पहिल्यांदा कंपनीच्या तज्ज्ञाला विचारलं, “हा मेळ म्हणजे माया का?”

“नाही, मॅडम,” तो म्हणाला. “मेळ म्हणजे दोघांच्या श्वासांची आणि ठोक्यांची चाल किती जुळली, एवढंच. त्यामागचं कारण यंत्राला कळत नाही. माया असू शकते. दोघं मिळून जिना चढत असतील तरी जुळेल. एकच मजकूर एका सुरात म्हणत असतील तर फारच जुळेल, कारण श्वास एकाच जागी तोडावा लागतो.”

खुर्चीत बसलेल्या राजमतीबाई खुदकन हसल्या. न्यायमूर्तींनी त्यांच्याकडे बघितलं.

“काय झालं, आजी?”

“काही नाही, बाई. चंदना शनिवारी आली की संध्याकाळी आम्ही दोघी सामायिकाला बसतो. दोन घटका, डोळे मिटून, णमोकार मंत्र म्हणत. लहानपणापासून तिला ती सवय आहे. मग जुळणारच की.”

“आणि मोठ्या लेकीबरोबर नाही बसत?”

“ती कशी बसणार? त्याच वेळेला ती चुलीपुढं असते. मला दिवस मावळायच्या आत जेवायला लागतंय.”

त्रिशलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, प्रत्येक संध्याकाळी भिंतीपलीकडून येणारी ती एकसुरी गुणगुण आणि अलीकडे तवा. मग एकदम तिला आनंद झाला. आकडा खोटा होता! तिनं वकिलांची बाही ओढली. रणनवरे तत्परतेनं उठले. “मॅडम, हेच आमचं म्हणणं आहे. वरवरच्या आकड्यानं माझ्या अशिलावर अन्याय झालाय. म्हणून तर पूर्ण नोंद उघडावी, म्हणजे खरं काय ते—”

“बसा, रणनवरे,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “आकडा खोटा निघाला म्हणून दार उघडायचं, आणि खरा निघाला असता तर काय केलं असतं?”

नसीम जमादार उभी राहिली. तिनं थोडक्यात सांगितलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पूर्वीच म्हटलंय, की संविधानाच्या एकविसाव्या कलमात जगण्याचा जो हक्क आहे, त्यातच खासगीपण येतं. ते हिरावायचं असेल तर तीन चाळण्यांतून जावं लागतं. तसा कायदा आहे का? हेतू रास्त आहे का? आणि हेतूला लागतं तेवढंच उघडलं जातंय का, की त्याहून जास्त? त्रिशला चाळण्यांवरच वाढलेली बाई होती. जाड चाळणीतून गेलेली पूड बारीक चाळणीवर अडकते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला कळलं, की आपण तिसऱ्या चाळणीवर अडकणार.

“आजी,” न्यायमूर्तींनी विचारलं, “तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? तुम्हाला कुठं राहायचंय, ते तुम्ही सांगू शकता का?”

“सांगू शकते की. तोंड आहे मला,” राजमतीबाई म्हणाल्या. “हेच कुणी विचारलं नाही, बाई. खालच्या कोर्टात सगळ्यांनी यंत्राला विचारायचं ठरवलं.” त्यांनी खुर्चीचे हात धरले. “मला दोन लेकी. कुणावर किती माया आहे, ते माझं मलाही रोज नीट कळत नाही. एखाद्या दिवशी एकीचा राग येतो, एखाद्या दिवशी दुसरीचा. ते सगळं माझ्या आत आहे म्हणून घर चाललं. बाहेर काढून तराजूत टाकलं असतं, तर या दोघी केव्हाच एकमेकींच्या उरावर बसल्या असत्या. आत्ता बसल्यात, तशा.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्रिशला हसली नाही. चंदनाही नाही.

निकाल त्याच आठवड्यात आला. त्याची भाषा साधी होती, म्हणून शाळांमधूनही तो पुढे वाचला गेला. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं, की वृद्ध नागरिकाचं हित बघणं हा हेतू रास्तच आहे. पण शुद्धीवर असलेल्या माणसाचं हित त्याला विचारून कळत असेल, तर त्याची छाती उघडून बघायचं कारण उरत नाही. पुढे असं होतं: “मेळाचा आकडा चुकीचा असतो म्हणून ही नोंद बंद राहावी, असं आम्ही म्हणत नाही. उद्या अधिक हुशार यंत्र येईल आणि मनातली माया अचूक मोजेल. तेव्हाही उत्तर हेच राहील. आपल्या माणसांविषयी आपल्याला काय वाटतं, हे कधी सांगायचं, किती सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे ठरवणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. आईलाही ती प्रतिष्ठा आहे, आणि ती लेकीपुढेही आहे.” नोंद मोहोरबंद राहिली. किल्ली एकट्या राजमतीबाईंकडे.

त्रिशला हरली होती. तिनं कुणाशी बोलणं टाकलं. डंकावर गिऱ्हाईक आलं की मिरची घ्यायची, कांडायची, द्यायची. ‘मावशी, निकाल वाचला पेपरात’ असं कुणी म्हटलं की ती यंत्र सुरू करायची. पण रोज चार वाजले की पाय आपोआप घराकडे वळायचे, आणि घरात कुणाला दिवसाउजेडी जेवायचं नसायचं.

महिन्याभरानं बाहुबलीनंच तिला सांगलीच्या गाडीत बसवलं. “भांडायला जा, रडायला जा, पण जा.”

चंदनाच्या घरी तिला काही काम नव्हतं. हे घर तिचं नव्हतं, डबे तिचे नव्हते. चंदनानं “बस, अक्का” म्हटलं आणि ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही. त्रिशला आईच्या खोलीत गेली. छताला साधा दिवा होता. ती पलंगावर बसली. करायला काही नसलं की हात किती जड होतात, ते तिला पहिल्यांदाच जाणवलं.

“वाळलीस,” आई म्हणाली.

“तू बरी दिसतीस.”

“केस चुकीचे विंचरते ही. सांगून दमले.”

त्रिशलानं फणी घेतली. विंचरता विंचरता तिनं शेवटी विचारलंच. “तू बघितलंस का गं ते? नोंद?”

“बघितलं की. माझंच होतं. चंदनाला बाहेर काढलं आणि वर्षभराचं बघितलं.”

फणी थांबली. “मग?”

“मग पुसून टाकलं.”

“आई!”

“ओरडू नको. केस ओढतायत.”

“काय होतं त्यात? न्हाणीघरातलं? मी तुझ्याजवळ होते तेव्हाचं?”

“कोर्टानं सांगितलंय ना, माझी मर्जी,” राजमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत लहान पोरीसारखा खट्याळपणा आला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात कायद्यानं त्यांना स्वतःची अशी ही पहिलीच गोष्ट दिली होती, आणि त्या ती पुरेपूर उपभोगत होत्या. मग त्यांनी त्रिशलाकडे बघितलं. लेकीचा चेहरा बघून त्यांचा खट्याळपणा ओसरला. “आकडे सांगणार नाही. पण मला एक सांगायचंय तुला, माझ्या मनानं. कान इकडं कर.”

त्रिशला वाकली. राजमतीबाईंनी तिच्या कानात जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही, कारण निकाल आपल्यालाही लागू आहे. एवढं मात्र दारातून कुणालाही दिसलं असतं, की त्रिशला रडली, मग आई काहीतरी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की फणी खाली पडली.

दारात चंदना उभी होती. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ, कपाळावर घाम. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“काय सांगत होती आई तुला?” तिनं विचारलं. सहज विचारल्यासारखं.

त्रिशलानं बहिणीकडे बघितलं. ती नजर तिच्या चांगली ओळखीची होती. काही महिन्यांपूर्वी हीच नजर घेऊन ती स्वतः डंकावर, मिरचीच्या पोत्यापाशी उभी असायची. क्षणभर त्रिशलाला फार गोड वाटलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोललं तरी चंदीची झोप उडाली असती. ते तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं.

“ते आईला विचार,” ती म्हणाली. “तिचं आहे ते.”

“मी रोज हिचं करते,” चंदना म्हणाली. “नोकरी करून करते. माझ्याशी अशी एकदा तरी हसली का विचार.”

राजमतीबाई काही बोलणार होत्या. त्रिशला त्याआधीच उठली. तिनं चंदनाच्या हातातलं फडकं घेतलं. “सर बाजूला. भाकऱ्या मी थापते. तू बस तिच्याजवळ.”

“अक्का, तू पाहुणी—”

“बस म्हटलं ना. ऊन आहे अजून.”

अनोळखी स्वयंपाकघरात तिनं परात पुढे ओढली. चंदनानं पीठ पातळ भिजवलं होतं. तिनं मूठभर कोरडं घातलं. पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत पलीकडच्या खोलीत शांतता होती. मग आईचा आवाज आला, हलका. मग चंदनाचा. मग दोघी हसल्या.

त्रिशलाच्या छातीत ते जुनं, ओळखीचं काहीतरी लगेच वळवळलं. काय म्हणाली असेल तिला? मला म्हणाली तेच? हात थापता थापता थांबले, आणि कान आपोआप त्या दिशेला गेले. एकेक शब्द ऐकू येण्याइतक्या त्या जवळ होत्या.

तिनं पिठाचे हात परातीवर झटकले, दारापाशी गेली आणि दार ओढून घेतलं.